दुसरा उंचवटा

दुपारी तीन वाजता ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत टीगन रस्कच्या पडद्यावरच्या आलेखात पुन्हा दोन उंचवटे आले. यायला हवा होता एकच.

बाटलीत शुद्ध ग्लुकोज होतं. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या साखरांचं वजन तंतोतंत सारखं, त्यामुळे रेणू तोलणाऱ्या यंत्राला त्या एकच वाटतात. टीगनने त्यांना वायूतून पळवायची युक्ती काढली होती. आकार वेगळा तर पोचायची वेळ वेगळी. एका साखरेचा एक उंचवटा. जमलं तर पीएचडी, नाहीतर विषय बदलायचा, असं तिची मार्गदर्शक मेरिन क्वेफ हिने बजावलं होतं. मुदत आज संपत होती. मॅकाय गावी ऊस लावणारे टीगनचे वडील तर फोनवर विचारायचे, साखर ओळखायला जीभ पुरत नाही का.

तिने बाटल्या बदलल्या. यंत्र धुतलं. उंचवटे दोनच. मेरिन दारात आली तेव्हा टीगनने मान न वळवताच सांगून टाकलं की भेसळ साखरेत आहे, नाहीतर यंत्रात, नाहीतर आपल्या डोक्यात.

"विरघळवलीस कधी?"

"काल. रात्रभर फ्रीजमध्ये होती. इथे सगळे तसंच करतात."

मेरिनने तिचा दंड धरला. मग तिला ओढतच वजनकाट्याच्या खोलीत घेऊन गेली, चिमूटभर कोरडे दाणे पाण्यात टाकले, बाटली हलवली आणि तिच्या हातात कोंबली.

"पळ."

दोघी सबंध व्हरांडा धावत आल्या. कॉफी घेऊन येणारा एक प्राध्यापक भिंतीला चिकटला.

पडद्यावर एकच उंचवटा. टीगनने खुर्चीसकट गिरकी घेतली. ती थांबते न थांबते तोच शेजारी दुसरा, इवलासा, डोकं वर काढू लागला. तिचा चेहरा पडला. मेरिन मात्र हसत सुटली, इतकी की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अगं वेडे, भेसळ नाही ही. पाण्यात पडली की हीच साखर हळूहळू दुसरं रूप घेते. वजन तेच, साखर तीच. तुझं यंत्र तिला रूप पालटताना पकडतंय."

टीगनने वडिलांना फोन लावला, पण हसण्यापुढे शब्द फुटेना. भरदुपारी प्यायलीस का, त्यांनी विचारलं.

"विषय तर बदलायचाच," मेरिन म्हणाली. "एकाच साखरेची दोन रूपं वेगळी दिसताहेत; दोन साखरा वेगळ्या करणं आता किरकोळ काम झालं."

साडेचारनंतर दोन्ही उंचवटे एका उंचीला आले. दुसरा अजून चढतो आहे.