मूळ रंग

तौहिदने शेवटचा बोल्ट काढला तसं लोखंडी झाकण खणकन जमिनीवर पडलं आणि जुन्या रंधा मशीनची पाती उघडी पडली. पात्यांच्या अलीकडे, हिरव्या रंगाच्या काठावर, तळहाताएवढ्या जागेतला रंग पार उडाला होता. तेवढंच लोखंड गुळगुळीत होऊन चमकत होतं.

“अब्बा, हाई देखा! किती हात फिरनात व्हतीन आठेवरी.”

वाहिदमियाँनी पाहिलं आणि नाक मुरडलं. दर ईदेआधी घराबरोबर कारखान्यातल्या यंत्रांनाही रंग देणारा हा माणूस. जुनी यंत्रं शोभेला मांडणाऱ्या पुण्याच्या गिऱ्हाइकाची अट मात्र उफराटी होती. पोपडे काढायचे नाहीत, नंतरची कुठलीही जोड ठेवायची नाही, झिजलंय तसंच यंत्र हवं. हे पसंत पडलं तर तो आणखी दहा घेणार होता. सुरतेहून तयार कपाटं यायला लागल्यापासून नंदुरबारात सुताराला विचारतो कोण? म्हणून वाहिदमियाँनी अट मान्य केली होती.

तळोद्याहून यंत्राबरोबर आलेला करणसिंग फळीवर बसून चहा पीत होता. तिथल्या लाकडाच्या गिरणीत हे यंत्र वर्षानुवर्षं त्यानेच चालवलेलं. झाकण पडल्याचा आवाज ऐकून तो उठला, टॉवेलाखालचा डावा हात बाहेर काढला आणि त्या चमकत्या जागेवर ठेवला. अंगठा आणि दोन बोटं बरोबर बसली. उरलेल्या दोन बोटांची जागा उघडीच राहिली.

“झाकण कसाले काढं?”

“ते नंतर बसाडेल शे, काका. गिऱ्हाइकले मूळ पाहिजे.”

“नंतरनंच शे,” करणसिंग म्हणाला. “मन्हा बोटे गयात, त्याना दुसरा दिन मालकनी बसाडं.”

वाहिदमियाँनी खाली पडलेलं झाकण उचललं. तौहिदने मोबाइल काढला.

“हात तठेच ऱ्हाऊ द्या, काका. एक फोटू लेस.”

करणसिंगने हात मागे घेतला, टॉवेलाखाली घातला आणि अर्धा चहा तसाच टाकून निघून गेला.

दुपारी तौहिदने यंत्र चालवून पाहिलं. उजव्या हाताने सागाची फळी पुढे सरकवली आणि डावा हात, त्याचा त्यालाही पत्ता न लागता, त्या झिजलेल्या जागी जाऊन बसला. हाताला आपसूक तिथेच टेकावंसं वाटावं, अशीच ती जागा होती. तिथून पाती चार बोटांवर.

“फळी दांडीवरी ढकल, हातवरी नको!” वाहिदमियाँ ओरडले. “झाकण लाव आधी!”

“मन्हं ध्यान शे, अब्बा. झाकण लावं ते गिऱ्हाइक लेवाव नही.”

ध्यान करणसिंगचंही असणारच. वाहिदमियाँना दुसरं काही सुचेना. पोरगा जेवायला गेला तसा त्यांनी ईदेचा उरलेला हिरव्या रंगाचा डबा उघडला आणि त्या जागेवर ब्रश फिरवला. एकदा नाही, दोनदा. सौदा मोडला तर मोडू दे. पोरगा महिनाभर बोलला नाही तरी चालेल. जिवाला बरं वाटत होतं. आता हे यंत्र कोणी घेणार नाही, भंगारात जाईल.

तौहिद परत आला. ओल्या रंगाकडे बघत उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. त्याने शांतपणे पुण्याला फोन लावला, झाला प्रकार सांगितला, पलीकडचं ऐकून घेतलं. मोबाइल खांद्याने कानाशी दाबून धरत उजव्या हाताने बटण दाबलं आणि यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाला,

“तीन महिने द्या, साहेब. रोज चालवतो. तुम्हाला खरीखुरी झीज हवी ना? माझ्याच हाताने आणून देतो.”