बोक्याचं पोट

टेबलावर तांब्याची पाच पदकं होती, गळ्यात घालायची. तीन गोल, दोन चौकोनी. पाचही पदकांवर एकच बोका झोपलेला होता, आणि खरा बोका आईच्या मांडीवर.

आईने पहिलं पदक उचललं, अंगठ्याने चाचपलं आणि खाली ठेवलं. मग दुसरं, तिसरं. पाचवं तिने उलटं करूनही चाचपलं.

"गुळगुळीत आहेत," ती म्हणाली. "बटणं केलीस का?"

"बोका आहे, आई."

"हा?" आईने मांडीवरच्या पोटावरून हात फिरवला, मग पदकावरून. "मग इस्त्री मारलीस की काय याला?"

चित्रकार मुलगी हसली नाही. तिचं प्रत्येक चित्र सगळ्यांत आधी आई बघायची; नावं ठेवायचा पहिला मानही आईचाच. आईची नजर गेली, त्यानंतर तिने एकही चित्र पुरं केलं नव्हतं. बोटांनी बघता येईल असं काहीतरी करावं म्हणून ती तांब्याकडे वळली होती. हातोड्यासुद्धा शेजारच्या कारागिराकडून मागून आणलेल्या. आज आईला काहीच कळलं नाही तर त्या परत करायच्या, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

तिने पदक उजेडात धरलं. बोका चांगला गलेलठ्ठ दिसत होता. गंधकाच्या पाण्याने तिने पोटाखाली काळी सावली दिली होती, कडेकडेने फिकट होत गेलेली. कागदावर आयुष्यभर तिने पोटं अशीच फुगवली होती.

"अगं आई, मी सावली दिलीये," ती म्हणाली. "तांब्याला!"

"ती कशी लागणार माझ्या हाताला?"

"तेच तर."

आईने तिच्या आवाजाकडे कान केला. मग म्हणाली, "रडतेयस?"

"सर्दी झालीये."

"बरं. सर्दी झाली म्हणून काम थांबत नाही कुणाचं. कर की पुन्हा, मी कुठे जातेय?"

मुलीने एक गोल पदक चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्यात बुडवलं. तांबं मऊ पडलं. मग वाळूच्या पिशवीवर ते पालथं ठेवून, पोटाच्या जागी, तिने गोल तोंडाच्या हातोडीने मागून हलकेच ठोकलं. पहिल्याच ठोक्याला खरा बोका मांडीवरून उडी मारून पसार झाला.

तिने पदक आईच्या हातात दिलं. "आता?"

"नाही."

पुन्हा ठोकलं. "आता?"

"तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणू का?"

"नको."

"मग नाही."

पुन्हा पिशवी, पुन्हा हातोडी. या खेपेला तिने डोळे मिटून ठोकलं, आणि पदक देताना काही विचारलं नाही.

आईचा अंगठा पुढे सरकला, थांबला, मागे आला. परत त्याच जागी जाऊन थांबला.

"इथे जेवलाय हा," आई म्हणाली.

मुलीने पदक घेतलं आणि उरलेल्या चारांसाठी व्हर्नियर लावून पोटाची उंची मोजली. शून्य पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर.