बहिरा सेन्सर

चौथा पिस्टन बाहेर आला. त्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती आणि वरच्या रिंगची खाच फुटून गेली होती. इंजिन ट्यून करणाऱ्या ताईने तो ट्रेमध्ये ठेवला. शर्यतीत बंद पडलेलं इंजिन कोणी उघडू नये म्हणून आयोजकांनी ठोकलेलं सील आठ दिवसांनी, आज सकाळी निघालं होतं. आठ दिवस जी भीती होती, तीच समोर आली.

"नॉकिंग," दाढीवाला म्हणाला. वर्कशॉपमधला सगळ्यांत जुना मेकॅनिक. बाईमाणसाने लॅपटॉपवर इंजिन ट्यून करावं हे त्याला पहिल्या दिवसापासून पचलं नव्हतं. "टर्बोचा दाब वाढवायचा, ठिणगी लवकर टाकायची, मग दुसरं काय होणार? मी आधीच बोललो होतो."

तो काही बोलला नव्हता. पण इंजिन फुटल्यावर सगळेच आधी बोललेले असतात.

"तोंड सांभाळ हं!" ताईचा धाकटा भाऊ पुढे झाला. शर्यतीत गाडी तोच चालवायचा. "दहा वर्षं इंजिनं ट्यून करतेय माझी ताई. एक पिस्टन गेला नाही तिच्या हातून."

आठ दिवस तो असाच तिच्यासाठी भांडत होता. ताईला भरून आलं. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, याच तेलकट फरशीवर. जग उलटलं तरी हा आपला आहे, एवढाच काय तो तिला आधार होता. पाच वाजता मालक तिचा निकाल लावणार होते. इंजिन फोडणारी ट्यूनर असं एकदा नाव झालं, की दुसरी कुठली टीम दारात उभं करत नाही.

नॉक म्हणजे काय, हे ती झोपेतही सांगू शकली असती. टर्बो हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते, आणि ठिणगीची आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं हवा-पेट्रोलचं मिश्रण आपणहून भडकतं. पिस्टनवर हातोडा बसतो. डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. म्हणून तर इंजिनाला नॉक सेन्सर असतो. तो हा आवाज ऐकतो, आणि कॉम्प्युटर लगेच ठिणगी जरा उशिरा टाकतो. ताकद घटते, इंजिन वाचतं. भावाला ते ताकद घटणं अजिबात सहन व्हायचं नाही. "ताई, ऐन सरळ पट्ट्यात गाडी दम सोडते गं," हे त्याचं दर सरावानंतरचं रडगाणं. "दम सोडते म्हणून तू धडधाकट घरी येतोस," ती म्हणायची.

तिने लॅपटॉप उघडला. शर्यतीची नोंद शंभरदा बघून झाली होती. नॉक शून्य. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य. आठ दिवस हे शून्य तिने स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून मिरवलं होतं. आज शेजारी तो खाल्लेला पिस्टन होता, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. अगं बावळट! धडधाकट इंजिनातही व्हॉल्व्ह टकटकतात, चेन खुळखुळते, सेन्सरला काही ना काही ऐकू येतंच. इतकं निखळ शून्य म्हणजे सेन्सर बहिरा होता.

बाजूला काढून ठेवलेल्या वायरिंगमधून तिने ती एक वायर शोधली. सेन्सरला जाणारं टोक सेन्सरला जोडलेलंच नव्हतं. टोकाला इवलासा रेझिस्टर डकवून वर काळी टेप गुंडाळली होती, म्हणजे सेन्सर जागेवर आहे असं कॉम्प्युटरला वाटत राहावं. ही जागा हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या पोटाखाली. अर्धं इंजिन उतरवल्याशिवाय तिथलं काही दिसत नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी इंजिनाशी दाढीवालाच तर काम करत बसला होता. मेल्याने माझ्या पोटावर पाय आणला! वायरचा तुकडा घेऊन ती तडक मालकांच्या केबिनकडे निघाली.

भावाने पॅसेजमध्ये गाठलं. "ताई, राहू दे ना. कशाला उकरून काढतेस? मी बोललोय मालकांशी."

"माझ्यासाठी किती भांडशील रे!" तिने त्याचा गाल थोपटला आणि आत गेली.

तिने वायर टेबलावर ठेवली. ती तोंड उघडणार तोच मालकांनी मोठा श्वास सोडला.

"आलीस शेवटी. आठ दिवस वाट बघतोय, स्वतःहून कबूल करतेस का म्हणून."

"कबूल? काय कबूल, साहेब?"

"सेन्सर तू तोडलास ते. भावाने सांगितलंय मला. रडत होता गं बिचारा. म्हणाला, ताईची चूक पोटात घाला, आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका. त्याच्याकडे बघून तुला काढत नाहीये. पण लॅपटॉपला आता हात लावायचा नाही."

खुर्ची समोर होती, तरी ताई उभीच राहिली. आत्ता दाढीवाल्यानेच हे केलेलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्याचा राग करणं सोपं होतं. "कधी," तिने विचारलं, "कधी सांगितलं त्याने तुम्हाला?"

मालकांनी जरा आठवलं.

"त्याच दुपारी. सील लागायच्याही आधी. गाडी ट्रॅकवरच उभी होती, बॉनेटमधून अजून धूर निघत होता."