मम्माला फिरायला नेलं

"टॉवेल नीट अंथर रे, खडे टोचतात," एर्सिलिया म्हणाली. मौरोने निमूटपणे टॉवेल झटकून पुन्हा अंथरला. आज तो आईचं सगळं ऐकणार होता.

तळ्याकाठचा हा सकाळपासूनचा दुसरा किनारा. दोन वर्षं गावाकडे न फिरकलेला लेक मिलानहून येऊन म्हाताऱ्या आईला फिरवतोय, म्हणून काठावरच्या बायका कौतुकाने बघत होत्या. त्यांना काय माहीत, घराची दुसरी किल्ली त्याने सकाळीच दलालाच्या हातात ठेवली होती. गिऱ्हाईक घर बघून जाईपर्यंत मम्माला बाहेर रमवायचं, मग गोडीगुलाबीने तिची सही घ्यायची आणि तिला मिलानच्या वृद्धाश्रमात पोचवायचं, असे तो मनात मांडे खात होता.

"कंटाळलास का?"

"छे गं मम्मा. अजून एक किनारा बघू की."

"बघू. घाई कसली? घर कुठं पळून जातंय?"

मौरोने चटकन तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पण एर्सिलिया पाण्यात पाय सोडून निवांत बसली होती.

दुपारी ते निवेसच्या खानावळीत गेले. निवेसने काय हवं म्हणून विचारलंही नाही. एर्सिलियाच्या पाठीशी उशी ठेवली, माशाचे काटे काढून दिले, पेल्याशेजारी तिची पांढरी गोळी ठेवली. शहरात एवढ्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात, मौरोच्या मनात आलं. गावात माणुसकी फुकट मिळते.

"मौरोसाहेब, आज इकडे कुठं वाट चुकलात?" निवेस म्हणाली. "नाताळात काकू दारात बसून होत्या."

"कामं असतात हो."

"असणारच."

मासा आणि रिसोत्तोचा मऊ भात संपला तशी एर्सिलिया हसली. "जेवणावर आता तीन तास पाण्यात उतरायचं नाही. लहानपणी किती रडायचास! मनगट धरून बसावं लागायचं मला."

मौरोने मनगटाकडे पाहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात फोन वाजला. दलालाचा निरोप होता : घर पसंत, आजच इसार द्यायला तयार. मग लाजही गेली.

"निवेस, बिल आण," तो ऐटीत म्हणाला. "आज मम्माचा दिवस. सगळं माझ्याकडून."

निवेसने एर्सिलियाकडे पाहिलं. ती हातरुमालाची घडी घालत होती.

"सांग त्याला," एर्सिलिया म्हणाली. "सकाळपासून वाट बघितली, एकदा तरी 'कशी आहेस' म्हणून विचारतो का."

निवेसने बिल मौरोसमोर ठेवलं.

"काकूंनी मार्चमध्ये नोटरीसमोर घर माझ्या नावावर केलं. त्या असेपर्यंत तिथेच राहतील, आणि त्यांचं जेवणखाण, दुखणंखुपणं सगळं माझ्याकडे. तुम्ही तेवढे तुमच्या ताटाचे द्या."