दुसरी तपासणी

काकू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. मोकळे राहिले तर ते काकांकडे धावतील, याची त्यांना खात्री होती.

काका समोर चाकाच्या खुर्चीत. आजारानं आधी त्यांचे हात नेले, मग पाय, शेवटी जीभ. आता डोळे आणि भुवया तेवढ्या त्यांचं ऐकत. दोघांच्या मधे स्टुलावर सरकारी आरोग्य विम्याचा तपासनीस, मांडीवर फॉर्म. पोरगेलासा होता, पण वागायला नम्र.

काकांना एक यंत्र हवं होतं. पडद्यावरच्या अक्षरांकडे नजर लावून शब्द जुळवायचे, की यंत्र ते मोठ्यानं बोलून दाखवतं. विम्यानं दिलं तरच मिळणार होतं, आणि पहिला अर्ज फेटाळला गेला तो काकूंच्या हुशारीपायी. त्या वेळच्या तपासनिसासमोर काकू काकांची भुवई हलायच्या आत पाणी देत होत्या, उशी सरकवत होत्या, वर "यांना पंखा कमी हवाय" असं कौतुकानं सांगतही होत्या. महिन्याभरात पत्र आलं : रुग्णाचे म्हणणे पत्नीस पूर्णपणे समजते, सबब उपकरणाची गरज सिद्ध होत नाही.

"या खेपेला तुम्हाला काहीच कळत नाही, असं बसा," बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यांना बजावलं होतं.

खोटेपणा काकूंच्या जिवावर आला होता. पण यंत्र पंधरा दिवस वापरून बघायला मिळालं होतं, ते दिवस त्यांच्या डोक्यातून जात नव्हते. काकांनी जन्मभर सलून चालवलेलं; गिऱ्हाईक घोरायला लागलं तरी यांच्या तोंडाची टकळी चालूच. त्या पंधरा दिवसांत त्यांनी शेजाऱ्याच्या नव्या मिशीची टर उडवली, लेकीला फोनवर झापलं आणि काकूंशी तर ते दोनदा कडाकडा भांडले. भुवईनं पाणी मागता येतं, भांडता येत नाही. दुसऱ्या भांडणानंतर काकू स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडल्या होत्या.

"काका, आत्ता काय हवंय ते काकूंना सांगा," तपासनीस म्हणाला.

काकांनी डावी भुवई उचलली आणि डोळे खाली नेले. म्हणजे पाय. पोटरीत गोळा आलाय. हे काही ठरवलेलं नाटक नव्हतं; त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

"काय म्हणतायत?"

"कळत नाही," काकू म्हणाल्या.

"नीट बघा. घाई नाही."

काकांचे डोळे पुन्हा खाली गेले. दोन मिनिटं चोळलं असतं तर गोळा उतरला असता. मग त्यांनी काकूंकडे रोखून पाहिलं आणि डोळे घट्ट मिटून उघडले. बसून राहा. उठलीस तर बघ.

"तहान लागली असेल," काकूंचा आवाज चिरकला. "नाही हो, मला काही समजत नाही." माणूस समोर कळवळतोय आणि आपण ढिम्म बसलोय, याची त्यांना स्वतःचीच किळस आली.

तपासनीस लिहीत होता. "इतकी वर्षं एका घरात राहून..." त्यानं मान हलवली. "गरज आहे, असं लिहिलंय मी."

काकू उठल्याच पोटरीकडे जायला.

"बसा, बसा. एकच प्रश्न राहिलाय." त्यानं पान उलटलं. "रुग्णाचे म्हणणे ओळखून त्यास उपकरण लावून देऊ शकेल अशी व्यक्ती घरात आहे काय?"

काकू परत बसल्या. "नसेल तर?"

"तर मंजूर होत नाही. यंत्रं नुसती पडून राहतात ना."

"आणि असेल तर?"

तपासनिसानं मागचं पान काढलं, स्वतःचंच अक्षर वाचलं. "तर मग... हे मागचं 'गरज आहे' खोडावं लागेल." तो कानकोंडा झाला. "फॉर्म मी नाही केलेला, काकू."

इतक्यात काकांच्या घशातून घरघर निघाली. खांदे गदगदायला लागले, तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तपासनीस घाबरून उभा राहिला.

"काकू, रडतायत हो काका!"

पोटरीचं काकूंनी सोसलं होतं. हे सोसवेना. गावभर सगळ्यांना हसवत आलेल्या माणसाला कुणी रडका समजावं?

"रडतायत कुठले!" त्या ताडकन बोलून गेल्या. "हसतायत ते. तुमच्या फॉर्मला."

मग त्यांनी जीभ चावली, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या जमिनीवर बसल्या, काकांचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळू लागल्या. तपासनीस बराच वेळ ते हात बघत राहिला.

"मी काही ऐकलं नाही," तो अखेर हळू आवाजात म्हणाला. "हो लिहू की नाही? तुम्ही सांगाल ते लिहितो."

काकूंनी वर पाहिलं. काकांचं हसू थांबलं होतं. त्यांच्या भुवया भराभर हलायला लागल्या. वर, खाली, पुन्हा वर, मग डोळे दाराकडे, फॉर्मकडे, काकूंकडे. पाणी नव्हतं ते, पाय नव्हता, उशी नव्हती.

"काय हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काकू चोळायच्या थांबल्या, गुडघ्यांवर उभ्या राहून त्यांच्या चेहऱ्याशी चेहरा नेऊन बघू लागल्या. त्यांना एक अक्षर कळेना.