वीस वर्षांची मुदत

“थोडक्यात काय, तर हा गृहस्थ तिला घड्याळ दाखवून घाबरवतोय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी खडू खाली ठेवला.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत चौदा निवृत्त माणसं बसली होती. दर मंगळवारी दुपारी तीन ते चार, साडेतीनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी प्रेमकविता. कॉलेजात तीस वर्षं बाईंनी हेच शिकवलं होतं आणि तीस वर्षांत त्यांचं मत तसूभरही हललं नव्हतं. हे कवी म्हणजे एकजात गोडबोले. फुलं कोमेजणार, ऊन उतरणार, तुझं रूपही जाणार. तेव्हा आजच हो म्हण. सगळा डाव काळाच्या जिवावर. आणि जिला हे ऐकवायचं, तिच्या तोंडी एक शब्द नाही. बाईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, “या लोकांच्या सगळ्या युक्त्या मला आधीच पाठ झाल्या होत्या ना!”

पहिल्या बाकावरचे क्रेनवाले उभे राहिले. वय एकोणऐंशी. सगळी उमर बंदरावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये गेलेली, त्यामुळे आवाज अजून साठ फूट खाली ऐकू जाईल असा. येत्या सोमवारी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी कसलीही हमी दिली नव्हती, आणि हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, कारण क्रेनवाल्यांना हळू बोलताच येत नसे.

“बाई, तो घाबरवत नाहीये,” ते म्हणाले. “त्याचीच टरकलीये.”

वर्ग हसला.

“हसू नका. मलाही एकीला हेच विचारायचंय. पाय बघा माझे, कसे लटपटताहेत.”

ते शेजारी वळले. शेजारी सिस्टर बसल्या होत्या. शहात्तर वर्षांच्या. इस्पितळाच्या हृदयरोग वॉर्डात चाळीस वर्षं काढलेल्या, आणि अजूनही सगळ्यांच्या सिस्टरच. गेली दोन वर्षं ही दोघं एका बाकावर बसत आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून कडाकडा भांडत.

“सिस्टर,” क्रेनवाले म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. “मला या लोकांसारखं बोलता येत नाही. सोमवारनंतरचं मला काही माहीत नाही. पण जे काय उरलंय, ते तुमच्यासोबत जावं असं वाटतं. माझ्याशी लग्न कराल?”

इतकी वर्षं ज्या युक्तिवादाची बाई चिरफाड करत आल्या, तोच समोर उभा होता. पण त्यात ना फुलं होती, ना ऊन, ना कसली युक्ती. होता तो फक्त एक लटपटणारा माणूस. आणि आज पहिल्यांदाच पलीकडून उत्तर येणार होतं.

सिस्टरांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला. पुन्हा लावला.

“विचार करायला वेळ लागेल मला.”

“किती?”

“वीस वर्षं.”

मागे कुणीतरी चुकचुकलं. बाईंना वाटलं, अशी थट्टा करायला नको होती. क्रेनवाल्यांचा चेहरा क्षणभर पडला. मग ते खाली फरशीकडे बघत राहिले, केबिनमधून एखाद्या मोठ्या पेटीचा अंदाज घ्यावा तसे. आणि त्यांनी मान हलवली.

“दिली,” ते म्हणाले. “वर एक दिवस मिळायचा नाही हं!”

ज्याला पुढच्या मंगळवारची खात्री नाही, त्या माणसाने खिशातून रुमाल काढून द्यावा तशी वीस वर्षं काढून दिली होती. वेळ नाही, वेळ नाही म्हणणारे कवी बाईंना ढिगाने भेटले होते. वेळ देणारा एकही भेटला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वर्ग दहा मिनिटं आधी सोडला.

जिन्यात त्यांनी सिस्टरांना गाठलं.

“सिस्टर, वीस वर्षं? तुम्ही तर त्यांचे रिपोर्ट पाहिलेत!”

“पाहिलेत. म्हणून तर मागितली.” सिस्टर कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. “चाळीस वर्षं मी माणसं ऑपरेशनला पाठवलीत, बाई. सगळी आवराआवर करून, सगळ्यांचा निरोप घेऊन जो निघतो ना, त्याची मला धास्ती वाटते. मागे कुणीतरी वाट बघत बसलंय हे ज्याला माहीत असतं, तो परत यायला धडपडतो. आता त्यांना वीस वर्षं थांबणं भाग आहे. शब्द दिलाय.”

“आणि तुम्ही? तोवर नुसता विचार करणार?”

“करणारच. पण त्यांच्या घरी बसून.”

खाली क्रेनवाल्यांचा आवाज घुमत होता. ते ग्रंथपालांना वीस वर्षांची गोष्ट रंगवून सांगत होते. सिस्टरांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि बाईंच्या हातात दिला. विवाह नोंदणीचा अर्ज होता तो. वधूच्या रकान्यात नाव, वय, पत्ता, सगळं निळ्या शाईत, केसपेपरवर लिहावं तशा सुबक अक्षरात.

बाईंनी तो दोनदा वाचला.

“कचेरी पाचला बंद होते. साक्षीदार म्हणून याल ना?” सिस्टर म्हणाल्या. “आज सकाळीच भरून ठेवलाय, मीच विचारणार होते. ते विचारतील की नाही, याचा काय भरवसा!”