बांधातली गांडुळं

बांध सरकवल्याचा आरोप केला, म्हणून वाल्मीकनानांनी सख्ख्या धाकट्या भावाला, फकिराला, फावड्याच्या दांड्यानं इतकं मारलं की त्याचा जबडा तुटला आणि टोमॅटोच्या सरीत रक्त सांडलं. लोकांनी फकिराला दवाखान्यात नेलं, तरी नाना धापा टाकत तिथंच उभे होते.

"म्हणतो, मी त्याचं चार फूट रान दाबलं," ते सुनेला म्हणाले. "निकिता, तू मातीचं लय शिकलीस ना? मग दाखव गावाला, बांध होता तिथंच हाय."

निकितानं आधी बांध खणला. वर्षानुवर्षं नांगर आणि औषध न लागलेल्या बांधाच्या मातीत गांडुळं असायलाच हवीत. इथं एकही निघालं नाही. मग ती नानांच्या वावरात चार फूट आत आली आणि रक्तानं भिजलेल्या सरीतच तिनं खुरपं घातलं. फवारलेल्या वावरात सापडू नयेत अशी ओंजळभर गांडुळं वळवळत वर आली.

"नाना, गेल्या हंगामापर्यंत बांध इथं होता," ती खाली बघत म्हणाली. "फकिराकाका खरं सांगत होते."

"हे आणखी कुणाला कळंल का?"

"ही जिवंत आहेत तोवर, खणून दाखवलं तर कुणालाही कळेल."

 

नानांनी मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग जा बाळा, फवारणीचा पंप भरून आण."